जेवणाच्या सुट्टीतला गोंगाट

दुपारी सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत गेले की मावशींचा फोन बिघडायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्या फोनवर बसत, आणि लोक नेमके दुपारीच लिफ्टमध्ये अडकत. "हॅलो, मी अड... दार... मधल्या..." एवढं ऐकू यायचं आणि फोन मुका. पुन्हा घंटी, पुन्हा तेच. मग शिवी. तीही अर्धीच.

साहेबांचं मत पक्कं झालं होतं, की मावशींचा हात थरथरतो, भलतंच बटण दाबलं जातं. "सोमवारपासून तुम्ही जुन्या फायलींच्या खोलीत बसा, मावशी. निवांत आहे तिथं," ते गोडीगुलाबीनं म्हणाले. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन जोडायला भोकाभोकांचा लाकडी बोर्ड होता तेव्हापासूनची ही खुर्ची. तेव्हा दोरी ओढून दुसऱ्या भोकात खुपसली की दोन माणसं बोलू लागत. दोरी तुटली तर तुटलेली दिसे. आता फोनही कॉम्प्युटरच्याच तारांतून येई. बिघडलंय काय, हे दिसेल तर शपथ.

नेटवर्क सांभाळायला होता त्यांच्या मामेबहिणीचा जावई. हीच पंचाईत. जावयावर ओरडायची सोय नाही.

"जावईबापू, परत तेच हो."

"आलोच, मावशी."

तो यायचा, ऑफिसात नुकत्याच आलेल्या नव्या कॉम्प्युटरांना ओळीनं हात लावायचा. पडदा उजळायचा, तो मान डोलवायचा, आणि शेवटच्या टेबलाशी पोचेपर्यंत फोन ठणठणीत. दवाखान्याच्या पायरीवर दाढदुखी थांबावी तसा.

"चालू आहे की! कानाला नीट लावला होतात ना?"

"नाही हो, गुडघ्याला लावला होता."

तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

शुक्रवारी मात्र त्यांनी मानपान गुंडाळून ठेवला. तो कॉम्प्युटरांकडे वळला तशा त्या वाटेत आडव्या आल्या. "कशाला हात लावायचा नाही. आधी इथं बसा आणि माझ्या वाट्याच्या शिव्या खा."

बिचारा बसला. फोन वाजला, त्यानं उचलला. "अहो, मी कधीचा अड... बहिरे आहात का..." खट्. जावयाचे कान लाल झाले. कुठं बघावं कळेना म्हणून त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं सगळ्या तारा एकत्र येणारी पेटी होती, आणि तिचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

"मावशी, आत्ता कोण काम करतंय?"

"कोण करणार? सगळे जेवताहेत."

त्यानं पेटीतली एक तार उपसली, मग दुसरी. नव्या कॉम्प्युटरांच्या तारा निघाल्या तसे दिवे शांत झाले. त्यानं कपाळावर हात मारला.

"हात लावला नाही की हे आपोआप झोपतात. पण यांचं नेटवर्कचं कार्ड झोपत नाही. ते सगळ्यांना सारख्या हाका मारत सुटतं. त्या गोंगाटात तुमचा फोन चेंगरतो. कॉम्प्युटर जागा झाला की कार्ड गप्प."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही त्यांना उठवत होतात, आणि म्हणत होतात बिघाड नाही?"

"हो," जावई खाली बघत म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्यानं कार्डांचं नवं सॉफ्टवेअर टाकलं, कॉम्प्युटर मुद्दाम झोपवून पाहिले; पेटीचे दिवे शांतच राहिले. साहेब म्हणाले, "सुटलं एकदाचं!" मावशींच्या हाताबद्दल चकार शब्द नाही.

"आणि सोमवारी?" मावशींनी विचारलं.

"सोमवारी काय? तुम्ही इथंच की," साहेब म्हणाले, जणू फायलींच्या खोलीचं कधी बोललेच नव्हते. मावशींनी पिशवीत भरलेली खुर्चीवरची उशी बाहेर काढली.

सोमवारी ऐन जेवणाच्या वेळी फोन वाजला. शुक्रवारचाच गृहस्थ, पुन्हा अडकलेला. त्यानं मनात साठवलेलं सगळं ओकलं, मावशींच्या सात पिढ्यांसकट. एक अक्षर तुटलं नाही.

"सगळं ऐकू आलं हो," मावशी म्हणाल्या. "आता मजला सांगा."