दुपारी बंद पडणारा एसी

वैष्णवीच्या घरचा एसी मोठा शिस्तीचा होता. सकाळी गार हवा द्यायचा, संध्याकाळी द्यायचा, रात्रभर कुरकुर न करता चालायचा. फक्त भर दुपारी, सोलापूरचं ऊन डोक्यावर येऊन बसलं आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेनासं झालं, की नेमका तेव्हाच मान टाकायचा. जेवणाच्या सुट्टीला गेलेल्या कारकुनासारखा. ऊन कललं की आपणहून कामावर हजर. दुपारी कामावरून फोन केला, की सासरे तिला रोज हेच सांगायचे.

आता एसी दुपारी बंद पडला तर एवढं काय बिघडतं, पूर्व भागातली निम्मी घरं पंख्यावरच उन्हाळा काढतात, असं कुणी म्हणेल. पण तो वैष्णवीच्या हौसेसाठी बसवलेला नव्हता. तिचे सासरे नरसय्या, आयुष्यभर मागावर चादरी विणलेले, महिन्यापूर्वी उन्हाने चक्कर येऊन चौकात पडले होते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की दुपारच्या वेळी यांना गार खोलीतच ठेवायचं. थोरला मुलगा व्यंकटेश पुण्याला असतो. त्याने लगोलग एसी घेऊन दिला आणि सोबत एक अटही घातली. दुपारी खोली गार राहिली नाही, तर तो नानांना, म्हणजे वडिलांना, कायमचं पुण्याला घेऊन जाणार होता.

माणूस वाईट नव्हता व्यंकटेश. बाप पडला तेव्हा तो पुण्यात होता, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. पण नरसय्या एकदा पुण्याला राहून आले होते. उंच इमारतीतला फ्लॅट, मुलगा-सून दिवसभर कामावर, तेलुगूत, म्हणजे घरच्या भाषेत, बोलायला भिंतीसुद्धा तयार नाहीत. परत आले ते निम्मे होऊन. इथे सकाळी चौकात त्यांचे जुने सोबती भेटायचे, चहा व्हायचा, शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट दिवसभर कानावर असायचा. त्या आवाजाशिवाय त्यांना झोप लागत नसे. वैष्णवीला हे ठाऊक होतं. नवरा बालाजी कामासाठी भिवंडीला, घरात ती आणि सासरे दोघंच. ते गेले तर घर खायला उठेल हेही ठाऊक होतं.

आणि व्यंकटेशचा फोन आला, की तो शनिवारी येतोय. एसी चालत असेल तर ठीक, नाहीतर नानांची बॅग भरून ठेव.

वैष्णवीने मग मोबाइलवर शोधायला घेतलं. घराजवळचे एसी दुरुस्तीवाले म्हटल्यावर मोबाइलने तिच्यापुढे नावांचा ढीगच ओतला. सगळेच सर्वोत्तम, सगळेच विश्वासू, सगळ्यांना चार-साडेचार तारे. पहिल्या नंबरावर जी बाई बोलली तिला सोलापूर कुठल्या राज्यात हेच सांगावं लागलं. दुसऱ्याने तक्रार नोंदवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी, काम कसं वाटलं म्हणून विचारायला फोन केला. काम करायला मात्र कुणी आलंच नव्हतं. एकजण खरोखरच आला, पण सकाळी. सकाळी एसी गुणी बाळासारखा चाललेला. त्याने बूटही न काढता दारातूनच पाहिलं, गॅस संपलाय म्हणाला, मग कॉम्प्रेसर गेलाय म्हणाला, आणि जाता जाता नवाच घ्या म्हणाला. वैष्णवीला असा राग आला की त्याला विचारलेला चहा तिने स्वतःच पिऊन टाकला.

शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसते. शुक्रवारी बाह्या जोडता जोडता तिच्या डोक्यात आलं, की आपण चुकीच्या माणसांना विचारतोय. गारवा गेला की ज्याचं खरंच नुकसान होतं, तो कुणाला बोलावतो? सुटल्यावर ती थेट कोपऱ्यावरच्या सिद्धारामच्या औषधाच्या दुकानात गेली. त्याच्याकडे इन्सुलिनचा फ्रिज आहे, तो एक दुपार बंद पडून चालत नाही. तुझा फ्रिज कोण बघतं, एवढंच तिने विचारलं.

सिद्धारामने क्षणाचाही विचार केला नाही. हाशमभाईंची शाइस्ता, म्हणाला. हाशमभाई पूर्वी कूलर दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागले तसं दुकान लेकीने घेतलं, आणि आता बापापेक्षा लेकीचं नाव जास्त झालंय. मोबाइलवर तिचं नाव सापडायचं नाही, कारण तिला तिथे नाव टाकायला सवडच नसते. एक सांगतो, म्हणाला, ती बोलते फार.

ते खरं निघालं. फोनवरच शाइस्ताने एसी कधी घेतला, गच्ची कुठल्या तोंडाला, घरात कोण कोण, सगळं विचारून घेतलं. वैष्णवी म्हणाली, सकाळी लवकर या, म्हणजे मला कामावर जाता येईल.

"सकाळी न्हाय येणार," शाइस्ता म्हणाली. "मशीन बरं असताना बघून मी काय करू? दुखतंय तवाच दाखवा. दुपारी येते."

वैष्णवीने शनिवारची रजा टाकली. शुक्रवारी झोपण्याआधी मात्र तिने सासऱ्यांची धोतरं आणि सदरे एका बॅगेत भरले आणि बॅग कॉटखाली सरकवून ठेवली. आशा होती, पण खात्री नव्हती.

शाइस्ता आली ती स्कूटीवरून, ओढणी कमरेला घट्ट बांधून, खांद्याला हत्यारांची जड पिशवी. एसी मजेत चालला होता. तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली, फरशीवर मांडी घातली आणि नरसय्यांशी गप्पा मारायला लागली. चादरीवरचा मोर विणताना त्याची मान कशी वळवायची, रंग पक्का कसा कळतो, पूर्वीच्या मागाला आणि आताच्या मागाला काय फरक. नरसय्या खुलले. वैष्णवीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. थोरले दीर पुण्याहून गाडीत बसलेले, आणि ही बाई पिशवीचं तोंडही उघडत नाही.

ऊन चढलं तसे नरसय्या चुळबुळायला लागले. दोनदा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग, जरा येतो, म्हणून उठले. वैष्णवी त्यांना थांबवणार, तोच शाइस्ताने तिच्या मनगटावर हात ठेवला. थोड्या वेळाने खोलीतली हवा कोमट झाली आणि बाहेरून येणारी घरघर थांबली.

"चला आता," शाइस्ता म्हणाली, आणि दोघी गच्चीवर गेल्या.

गच्चीवर नरसय्या डोक्याला पंचा गुंडाळून उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर एसीचं बाहेरचं मशीन, लोक ज्याला आउटडोअर म्हणतात ते, पाण्याने निथळणाऱ्या चादरीत नखशिखांत गुंडाळलेलं होतं. चादर त्यांच्याच हातची, मोराची. चारही टोकं नीट आत खोचलेली, बाळाला दुपट्यात घ्यावं तशी. शेजारी रिकामी बादली. पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी पिंपातून कुठे जातं, हे कोडं वैष्णवीला आत्ता सुटलं. ती रोज कामावर गेली की हे चालायचं, आणि ती घरी यायच्या आत चादर वाळून घडी होऊन कपाटात जायची.

"तापलंय लई," नरसय्या म्हणाले. "आपल्याला आत गार देतंय, आन् हे हितं उन्हात. ह्याच्याकडं कुणी बघत न्हाय."

वैष्णवीला हसू आलं, पण क्षणभरच. दिरांना हे कळलं तर ते काय म्हणणार हे तिला स्पष्ट ऐकू येत होतं. नानांचं डोकं आता चालत नाही, भर उन्हात गच्चीवर जातात, मशिनला अंघोळ घालतात, यांना इथे ठेवणं धोक्याचं. तिने हलक्या आवाजात शाइस्ताला सगळं सांगून टाकलं, अटीसकट.

शाइस्ताने ऐकलं. तिने खाली जाऊन एसीचं बटण बंद केलं, वर येऊन चादर हलक्या हाताने काढली, पिळून कठड्यावर पसरली. नरसय्यांना सावलीला बसवून पाणी दिलं. मशीन जरा निवल्यावर वैष्णवीकडून ते पुन्हा सुरू करवलं, आणि नरसय्यांचा तळवा जाळीसमोर, जरा लांब धरला. गरम झोत हातावर आला.

"हे ह्याचं नाक, मामा. आतली गरमी हे हितनं भायेर टाकतं. तुमी म्हणता ते खरं हाय, ह्याला ऊन लागतं. पण चादर अंगाला चिकटली की ह्याचा दम कोंडतो, मग ते बंद पडतं. सावली पायजे, पण हातभर लांब. समोर आन् बाजूला मोकळं."

नरसय्यांनी तळवा मागे घेतला. "म्हंजे मीच बंद पाडत होतो व्हय?"

दुसरं कुणी असतं तर इथे मोठ्याने हसलं असतं, नाहीतर वडीलधाऱ्यांना कळत नाही म्हणून वैष्णवीलाच दोन शब्द सुनावून गेलं असतं. शाइस्ताने त्यांना काम दिलं. जिन्याखाली बांबू पडलेत ते मी आणते, म्हणाली, पण चादर तुमची आहे तेव्हा ती तुम्हीच ताणायची. मला विणकराची गाठ येत नाही. वैष्णवी बघत राहिली. मघाशी चुरगळलेला म्हातारा जागचा उठला, सुतळी मागून घेतली, बांबूंना चादरीची टोकं बांधायला लागला. गाठ अशी, की ओढली की आवळते आणि मनात आलं की एका बोटाने सुटते. शाइस्ताने ती दोनदा चुकवली आणि तिसऱ्यांदा शिकून घेतली. मशीन दुरुस्त करणारी माणसं गावात असतील पुष्कळ, वैष्णवीच्या मनात आलं, पण माणूस न मोडता मशीन दुरुस्त करणारी ही एकच. तिला त्या बाईचा अभिमान वाटला, जणू काही तिनेच तिला घडवलं होतं.

मशीनच्या हातभर वर मोर ताणून उभा राहिला. आणि जिन्यात व्यंकटेशचा आवाज आला.

तो खांद्यावर बॅग घेऊन तसाच वर आला. बापाला भर दुपारी गच्चीवर पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याने वैष्णवीला काही विचारलं नाही, शाइस्तालाच विचारलं, की काय बिघडलं होतं.

वैष्णवी शाइस्ताच्या तोंडाकडे बघू लागली.

"ऊन थेट येत होतं आन् हवा अडत होती," शाइस्ता पक्कड पिशवीत टाकत म्हणाली. "मामांनी सावली करून दिली. आता दुपारी बंद न्हाय पडणार. पडला तर मी हाय."

एक शब्द खोटा नाही, एक शब्द जास्तीचा नाही. गोष्ट तिथेच मिटली असती. पण नरसय्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"पोरगी मला सांभाळून घेतीया," ते म्हणाले. "मीच बंद पाडत होतो, व्यंकटेश. रोज ओली चादर गुंडाळायचो ह्याला."

"ओली चादर?" व्यंकटेशला काही उमगेना. "का पण, नाना?"

"ताप उतराया. लहानपणी तुला लई ताप चढायचा. माग बंद करून ओल्या चादरीत तुला घेऊन बसायचो मी, मग उतरायचा. दुसरं काय ठावं मला?" ते थोडं थांबले. "हे बंद पडलं की तू मला नेणार म्हणालास. मग जपाया नको ह्याला?"

मशीन घरघरत होतं, एका सुरात. व्यंकटेशने खांद्यावरची बॅग काढून कठड्याशी ठेवली आणि उगाचच चादरीचं एक टोक चाचपून पाहिलं. ते जरा सैल होतं. त्याने गाठ मारली. ती बघून नरसय्यांनी मान हलवली, पुढे होऊन गाठ सोडली आणि मुलाचा हात धरून नव्याने मारून दाखवली. व्यंकटेश डोळे पुसत होता. उन्हाचं निमित्त होतंच.

मग तो शाइस्ताकडे वळला. तुमचा नंबर द्या, म्हणाला, आणि दर उन्हाळ्याच्या आधी एकदा येऊन बघून जात जा. शाइस्ता म्हणाली, हौ, पण दुपारीच येणार.

वैष्णवी चहा टाकायला खाली गेली. खोली गार झाली होती. कॉटखालची बॅग तिने ओढली आणि सासऱ्यांची धोतरं एकेक करून पुन्हा फळीवर रचून ठेवली.