चालू होईपर्यंत

खुशालराव ढोकांनी बत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अकरा अमरावतीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. अचलपूरची गाडी आधी सोडायची की मोर्शीची, हे हा माणूस तंबाखू मळता मळता ठरवायचा. आणि आता सत्तरीला टेकल्यावर घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं, ते त्यांना ठरवता येईना.

कॉम्प्युटर त्यांच्याच पैशाचा होता. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतला, दोन महिने त्यावर पत्ते खेळले, कंटाळले, आणि मग त्यावर क्रोशाचं झाकण पडलं ते पडलंच. झाकण निघालं दोन वर्षांपूर्वी, सून आकांक्षाला घरबसल्या काम मिळालं तेव्हा. दवाखान्यांच्या बिलांचे फोटो येत, ते पाहून विम्याच्या नोंदी भरायच्या. रोजच्या ऐंशी.

कॉम्प्युटर खुशालरावांच्या खोलीत होता आणि खरी अडचण तीच होती. त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, जाण्याआधी घराला एक वळण लावून ठेवलं होतं: सून सासऱ्यासमोर बसत नाही. आकांक्षा बी.एस्सी. झालेली, राजापेठच्या गर्दीतून स्कूटी हाणणारी मुलगी. पण सासऱ्याच्या खोलीच्या उंबरठ्याशी तिचे पाय आपोआप थांबत. "मामाजी, जेवण वाढलं" आणि "मामाजी, गोळी घेतली का" एवढ्या दोन वाक्यांवर घर चाललं होतं. मुलगा कुलदीप अकोल्याला नोकरीला, बडनेऱ्याहून रेल्वेने रोजचं जाणं-येणं. दिवसभर घरात ही दोन माणसं आणि ती दोन वाक्यं.

पहिल्या दिवशी ती कॉम्प्युटरपाशी आली तेव्हा खुशालराव रिवाजाप्रमाणे उठून व्हरांड्यात गेले. पाच मिनिटांनी डोकावले, "झाला का चालू?" पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. दहा मिनिटांनी पुन्हा डोकावले. तिसऱ्या खेपेला ते वैतागून तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसले आणि त्या गोलाकडे, उशिरा येणाऱ्या गाडीकडे पाहावं तसे, डोळे वटारून पाहू लागले. आकांक्षा उठायला निघाली, पण उठून जाणार कुठे, काम तर समोरच होतं. बसली. दोघांची तोंडं पडद्याकडे. म्हणजे समोरासमोर बसणं काही झालं नाही, असं दोघांनीही न बोलता मान्य करून टाकलं.

तेव्हापासून रोज अकरा वाजता तो डबा चालू व्हायला पंधरा-वीस मिनिटं घ्यायचा आणि तेवढ्या वेळात या घरात बोलणं व्हायचं. दुर्गाबाई शेवटच्या आठवड्यात कुणालाच ओळखत नव्हत्या, नवऱ्यालाही नाही, ही गोष्ट खुशालरावांनी पोटच्या मुलाला सांगितली नव्हती; ती त्यांनी त्या फिरत्या गोलाला सांगितली. भातकुलीला वडील वारले तेव्हा आपण परीक्षेला बसलो होतो आणि पेपर संपेपर्यंत कुणी काही कळू दिलं नाही, हे आकांक्षाने सांगितलं, तेही गोलाकडे पाहतच. पडद्यावर चित्रं जागेवर येऊन आकांक्षाने माउसला हात लावला की खुशालराव उठून व्हरांड्यात जात. या पंधरा मिनिटांसाठी ते हल्ली रोज दाढी करू लागले होते.

दिवाळीनंतर पडद्यावर सूचना येऊ लागली की हा कॉम्प्युटर आता फार जुना झाला आहे. रविवारी कुलदीप म्हणाला, "बाबा, एक तं नवीन घ्या, नाई तं याच्यातच सामान बदलवा. तिचं चार तासाचं काम सात तासावर जाते. पण वस्तू तुमची हाये, तुमीच ठरवा."

झालं. खुशालरावांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

त्यांनी जुने कंडक्टर देवमनजी यांना विचारलं. ते म्हणाले, जुन्यात पैसा घालू नका. शहरातल्या दुकानदाराने डबा न उघडताच सांगितलं, "काका, याले आता काहीच बसत नाही, नवीनच घ्या." शेजारच्या मैनाबाईंच्या जावयाने फोनवर छातीठोकपणे सांगितलं की नुसती रॅम वाढवली की झालं. एक म्हणे पस्तीस हजार, एक म्हणे दोन. खुशालरावांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि वही चारदा वाचली. शेंडा ना बुडखा. गंमत म्हणजे प्रत्येक सल्ल्यात त्यांना काहीतरी खोट सापडायची. नवीन महाग. रॅमचा भरवसा नाही. न करावं तर पोरीचे हाल. कुलदीपला वाटलं म्हातारा पैशाला चिकटला आहे. वाटू द्यावं, असं त्यांनी ठरवलं. कारण खरी भीती तोंडाने सांगण्यासारखी नव्हती: डबा झटपट चालू व्हायला लागला की सून बाजूला कशाला बसेल? आणि सुनेचे तीन तास रोज वाया जातात हे दिसत असून आपण पंधरा मिनिटांसाठी अडून बसलो आहोत, याची त्यांना लाजही वाटत होती. लाज खरी आणि भीतीही खरी, मग माणसाने करावं काय?

शेवटी कुलदीपने अकोल्याचं एक दुरुस्तीचं दुकान सुचवलं. खुशालराव डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचले. दुकान बेबीताई नावाच्या बाईंचं होतं. बाईंनी चार स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि त्या म्हणाल्या, "मशीन चांगली हाये, काका. फक्त ही हार्ड डिस्क म्हातारी झाली. इथं एसएसडी टाकतो, साडेतीन हजारात काम होते. बटन दाबलं का दहा-बारा सेकंदात चालू."

"दहा सेकंदात?"

"हो."

"त्यापेक्षा थोडी हळू लावता येत नाही का? म्हणजे काम झटपट, पण चालू होईले... पाच-सात मिनिटं?"

बेबीताईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बावीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. "काहून बाप्पा? हळू कायले पाहिजे तुमाले?"

"असंच," खुशालराव म्हणाले. "घरी इचारून सांगतो."

आणि डबा पुन्हा चादरीत गुंडाळून ते परत निघाले. मुलाला फोनही केला नाही.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आज कॉम्प्युटरच नाही, पोरीला सुट्टी मिळाली असेल, असा विचार करत ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आकांक्षा ओट्याशी उभी होती. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला, डोळे बारीक केलेले, आणि एका बोटाने ती आकडे भरत होती.

"अवं, आज तं सुट्टी ना तुले?"

"सुट्टी कायची मामाजी. ऐंशी म्हणजे ऐंशीच."

"मंग रोज होते ना ऐंशी?"

"त्याच्यावर साठ-पासष्ट होते. बाकीच्या मी सगळं आवरल्यावर इथं मोबाइलवर करते."

खुशालरावांनी ग्लास खाली ठेवला. "तो सकाळी चालू होईले येळ लावते, म्हणून?"

आकांक्षा घुटमळली. "नुसतं त्याच्यानं नाही. कधी कधी तो चालू झालेला असते... पण तुमी बोलून राहिले असता ना, मामाजी."

ती हे काही टोचायला बोलली नव्हती. पण खुशालरावांना ते लागायचं तिथे लागलं. म्हणजे चित्रं येऊन बसलेली असायची आणि ती माउसला हात लावायची नाही. म्हणजे आपली पंधरा मिनिटं कितीदा अर्ध्या तासाची झाली असतील कुणास ठाऊक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती ऐकत होती ते आवडीने की सासरा बोलतोय म्हणून, हे आता विचारायची सोय उरली नव्हती. विचारलं तर ती "आवडीने" असंच म्हणणार. दोन वर्षांच्या त्या गप्पा एकदम त्यांच्या हातातून निसटल्यासारख्या झाल्या. ते खोलीत जाऊन खाटेवर बसले आणि चादर न सोडता डब्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते अकोल्याला गेले. "टाका," एवढंच म्हणाले. बेबीताईंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

कॉम्प्युटर अकरा सेकंदांत चालू झाला. खुशालरावांनी मोजले. आकांक्षाने बटन दाबलं, ते खुर्ची ओढणार तोच चित्रं जागेवर हजर. ती हसली, "पाहा मामाजी, किती फास्ट!" आणि ते "कर बाई, तुझं काम कर" म्हणून व्हरांड्यात गेले. काम साडेतीनला संपलं. दुसऱ्या दिवशीही. घरात पुन्हा दोन वाक्यं सुरू झाली. पोरीच्या डोळ्यांचा ताण सुटला याचा त्यांना आनंद होत होता आणि त्यांना फार वाईटही वाटत होतं. यातलं कोणतं जास्त, हे वहीत मांडून कळण्यासारखं नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही.

त्याच दिवशी तीनच्या सुमाराला आतला टकटकाट थांबला. बराच वेळ झाला तरी आकांक्षा बाहेर येईना. खुशालराव दारातून डोकावले. ती टेबलावर हातांची घडी घालून, त्यावर डोकं टेकवून गाढ झोपली होती. सासऱ्याच्या खोलीत, भर दुपारी. दोन वर्षांची झोप साचली असावी.

ते गोंधळले. उठवावं तर पोर दचकेल. न उठवावं आणि कुणी आलं तर तिलाच कानकोंडं होईल. जावं तर कुठे, खोली तर आपलीच. पंखा एकने कमी करून ते हलकेच बाजूच्या खुर्चीवर बसले आणि पडद्याकडे तोंड करून राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बोलावंसंही वाटलं नाही, आणि तरी बरं वाटत होतं.

पाऊण तासाने आकांक्षाला जाग आली. बाजूला सासरा पाहून ती ओढणी सावरत धडपडली. "अयाई! मामाजी, उठवाचं ना मले! केव्हाचे बसले तुमी?"

"असू दे," खुशालराव पडद्याकडेच पाहत म्हणाले. "अजून चालूच होऊन राहिला तो."

पडद्यावर तिची ऐंशीवी नोंद भरून केव्हाची तयार होती. आकांक्षाने ती पाहिली, मग खुर्ची फिरवून सासऱ्याकडे पाहिलं, आणि ती उठली नाही.