विरोध असल्यास त्याच खुणेने

वसईच्या कॅथलिक माणसाला बिशप म्हटलं की उंच टोपी, हातात दंड आणि अंगठीचं चुंबन घ्यायला लागलेली रांग आठवते. कॅरोलिन तुस्कानोच्या नवऱ्याला, मार्टिनला, म्हणूनच बायकोच्या चर्चची भारी गंमत वाटायची. मॉर्मन पंथाच्या लोकांत बिशप म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नोकरीधंदा करणारा गडी. काही वर्षं बिनपगारी मंडळी सांभाळायची, मग पाळी दुसऱ्याची. आत्ताचे बिशप अकाउंटंट होते. रविवारी बिशप बदलणार असा मेसेज आला होता, आणि नवं नाव कोणी सांगितलं नसलं तरी सगळ्यांच्या तोंडी एकच होतं: कीथ हार्डिंग. धंदा प्लंबिंगचा.

"आमचा बिशप आशीर्वाद देतो, तुमचा नळ दुरुस्त करतो," शुक्रवारी जेवताना मार्टिन म्हणाला. "तुमचाच जास्त कामाचा."

एरवी ती हसली असती आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिने ताट बाजूला सारलं आणि तीन आठवडे पोटात ठेवलेली गोष्ट सांगून टाकली.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सिडनीत मोर्चा निघाला होता. बाहेरच्यांना येऊ देऊ नका म्हणणारा. त्याच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं, आणि ते राहायचे त्या ब्लॅकटाउन उपनगरातल्या प्रत्येक मराठी, गुजराती, पंजाबी व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरलं होतं. लेक वेंडी, युनिव्हर्सिटीत शिकणारी, त्या दिवशी शहरातल्या कॅफेत शिफ्टला होती. एकटी येऊ नको, असं सांगून कॅरोलिन तिला आणायला गेली. स्टेशनच्या दाराशी खांद्यावर झेंडे गुंडाळलेली माणसं उभी होती. "सेंड देम बॅक! सेंड देम बॅक!" त्या घोळक्यात, तोंड वासून ओरडणारा कीथ हार्डिंग. त्याची आणि तिची नजरानजर झाली. त्याने पाठ फिरवली. वेंडी फोनमध्ये डोकं खुपसून चालत होती, तिला काही दिसलं नाही.

"आपला कीथ?" मार्टिनचा घास हातातच राहिला.

त्याचं बरोबर होतं. कीथ आपलाच होता. मार्टिनचं बायपास झालं तेव्हा अंगणातलं गवत कापायला दर पंधरवड्याला कीथ यायचा, न सांगता. वेंडीला गाडी शिकवली ती कीथने. बापाने शिकवायला घेतली तेव्हा दोघांनी दुसऱ्याच दिवशी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

"मग रविवारी जाऊच नको," मार्टिन म्हणाला. "डोकं दुखतंय म्हण."

"जायला तर पाहिजे. मत घेतात."

तिने त्याला समजावून सांगितलं. नवा माणूस नेमला की सभेपुढे नाव वाचतात. पाठिंबा असेल त्यांनी उजवा हात वर करायचा. मग विचारतात, विरोध असल्यास त्याच खुणेने. आठ वर्षांत त्या दुसऱ्या प्रश्नाला एकही हात वर झालेला तिने पाहिला नव्हता. विचारणाराही उत्तरासाठी थांबत नसे.

"म्हणजे तू हात वर करणार," मार्टिन म्हणाला. "आपल्यात हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं."

"आमच्यात उलटं आहे. अंगावर घेणं."

मार्टिनने आपलं ताट उचललं. त्याला या चर्चचं फारसं प्रेम कधीच नव्हतं, पण बायकोला ते काय आहे हे तो पुरतं जाणून होता. इथे आल्यावर तो महिनोन्‌महिने कामासाठी पर्थला असायचा, आणि ही परक्या गावात लहान पोरगी घेऊन एकटी. दारावर टकटक करून पहिल्यांदा कोणी "कशी आहेस?" विचारलं ते छातीवर नावाच्या काळ्या पाट्या लावलेल्या दोन पोरगेल्या प्रचारकांनी. त्यातून ती मॉर्मन झाली. वसईला आईने वर्षभर फोन घेतला नाही. धर्म बदलला त्यापेक्षा पोरीने त्या पंथापायी चहा सोडला याचा आईला जास्त धक्का बसला होता. आता जुनं चर्च सुटलेलं, माहेर दुरावलेलं. रविवारची ही दीडदोनशे माणसं, हेच काय ते तिचं गणगोत. भर सभेत विरोधाचा हात वर केला तर त्यांच्यात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. आणि गप्प बसली, तर ज्याने तिला परत पाठवा म्हणून आरोळ्या ठोकल्या त्याच्याचपुढे बसून पुढची पाच वर्षं मनातलं सांगायचं.

आपल्या भावाने अपराध केला तर आधी एकट्याला गाठून सांग, असं शास्त्रात आहे. तिने शास्त्राचं ऐकायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी चर्चची झाडलोट असते. या लोकांत झाडूवाला ठेवत नाहीत, सभासदच पाळीपाळीने झाडतात. कॅरोलिनकडे व्हॅक्युम होता आणि कीथ बाकांच्या रांगा पुसत होता. तिने यंत्र बंद केलं.

"ब्रदर हार्डिंग, त्या मोर्चाच्या रविवारी तुम्ही स्टेशनपाशी होतात."

कीथचा फडका थांबला नाही. "त्या रविवारी मी न्यूकॅसलला होतो. बहिणीकडे."

"मी तुम्हाला पाहिलं."

"गर्दीत माणसं सारखीच दिसतात, सिस्टर तुस्कानो."

हे त्याने तिला सांगावं! त्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या त्या स्थानिक मंडळीत, निम्मी माणसं तिला अजून सिस्टर पटेल म्हणून हाक मारायची, आणि सिस्टर पटेल तिच्याहून वीतभर उंच होती.

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पाठ फिरवलीत."

तेव्हा कुठे तो सरळ उभा राहिला. आवाज मऊ होता, लहान मुलाला समजवावं तसा. "मी तिथे नव्हतो. तुझा गैरसमज झाला. नो वरीज, मला राग नाही आला."

त्याला राग नाही आला! कॅरोलिनने यंत्र परत सुरू केलं, कारण दुसरं काही सुचेना. घरी पोचेपर्यंत तिला स्वतःच्याच डोळ्यांचा संशय यायला लागला. झेंडा होता, ऊन होतं, सगळ्यांच्याच डोक्यावर टोप्या होत्या. मग तिला त्याची ती फिरलेली मान आठवली. अनोळखी माणसाला पाहून कोणी अशी पाठ फिरवत नाही. ज्या माणसाने तिला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला लावला, त्याचा तिला त्या क्षणी मोर्चापेक्षाही जास्त राग आला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. वेंडी शेजारी बसली होती. व्यासपीठावर नवाकोरा टाय लावून कीथ बसला होता. म्हणजे ठरलंच होतं.

प्रेसिडेंट फोनोटी उभे राहिले. आसपासचे आठदहा वॉर्ड त्यांच्या हाताखाली. माणूस सामोआचा, लहानपणी आईबापांबरोबर इथे आलेला, अंगाने दारात न मावणारा. जुन्या बिशपांचे आभार मानून त्यांनी नवं नाव वाचलं.

"ब्रदर कीथ हार्डिंग यांना या वॉर्डाचे बिशप म्हणून पाठिंबा असेल त्यांनी उजवा हात वर करावा."

सगळ्या बाकांवरून हात वर गेले. वेंडीचा तर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांसाठी ती खुशीने हसतही होती. कॅरोलिनला वाटलं, या पोरीला आधी सांगायला हवं होतं. आता फार उशीर झाला होता.

"विरोध असल्यास, त्याच खुणेने."

फोनोटींनी कागदाची घडी घालायला घेतली होती.

कॅरोलिनचा हात वर गेला. आणि वरच राहिला.

"ममा, व्हॉट आर यू डूइंग?" वेंडी कुजबुजली. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळल्या. कीथ तिच्याकडे बघत होता. तो या वेळी मान फिरवू शकत नव्हता.

"नोंद घेतली, सिस्टर," फोनोटी शांतपणे म्हणाले. "सभेनंतर मला भेटा."

सभा संपेपर्यंत उशिरा आलेले मागे उभे राहिले, पण तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर कोणी येऊन बसलं नाही, हे तिला दिसत होतं. वेंडीने मात्र तिचा हात धरला होता. का, हे तिने अजून विचारलं नव्हतं.

बिशपच्या खोलीत फोनोटींनी दार लावलं. "काय माहीत आहे तुम्हाला?"

"ते खोटं बोलले. माझ्या तोंडावर." तिने स्टेशन सांगितलं, शनिवार सांगितला. "मोर्चाला कोणीही जावं, प्रेसिडेंट. माझी तक्रार खोट्याबद्दल आहे."

फोनोटींनी कीथला बोलावलं. तो आत आला, खुर्चीवर बसला आणि कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "मी होतो तिथे."

मग त्याचा बांध फुटला. मुलगा तिशीचा, बायको आणि तान्हं पोर घेऊन बापाच्या गॅरेजात राहतो. घर घेणं दूरच, भाड्यानेही मिळत नाही. मुलगा म्हणाला चल, म्हणून कीथ गेला. तिथे सगळे ओरडत होते म्हणून ओरडला. कॅरोलिनला पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ते तुझ्याबद्दल नव्हतं, सिस्टर. यू आर फॅमिली." त्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी खरं होतं, यात तिला शंका नव्हती.

"कोणाला मत द्यावं, कुठल्या मोर्चात जावं, हे आपलं चर्च सांगत नाही," फोनोटी म्हणाले. "खोटं बोलणं चूक होतं, ते त्यांनी कबूल केलं. आता तुमचा पाठिंबा आहे का, सिस्टर?"

किती सोपं व्हायला हवं होतं. तिने मागितलं ते मिळालं होतं. पण हात मांडीवरून हलेना, आणि का हलत नाही ते कळल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मी अर्धंच खरं सांगितलं," ती म्हणाली. "मला मोर्चाचाही राग आहे. ब्रदर हार्डिंग, तिथे जे ओरडत होतात ते इथे म्हणा. माझ्याकडे बघून."

कीथने फोनोटींकडे पाहिलं. फोनोटींनी काही मदत केली नाही.

"ओरडू नका. हळू म्हटलंत तरी चालेल."

त्याने तोंड उघडलं. मानेपासून कानापर्यंत लाल झाला. "आय कान्ट. तुला नाही म्हणू शकत."

"मग तिथे कोणाला म्हणत होतात?"

कीथने नव्या टायची गाठ सैल केली.

"मी कुठे जाणार नाही," कॅरोलिन म्हणाली. "या चर्चमधून नाही, या देशातून नाही. तुम्ही बिशप झालात तरी नाही. याला तुमचा पाठिंबा असेल तर हात वर करा."

कीथने लगेच उजवा हात उचलला. अगदी मनापासून.

"इथे नको," ती उठली. "तुम्ही ओरडलात रस्त्यावर. हात बंद खोलीत कसला वर करता?"

तिने दार उघडलं. बाहेर अर्धा वॉर्ड ताटकळत होता. वेंडी, सिस्टर पटेल, कीथची बायको, शेकहँड करायला थांबलेली माणसं. सगळ्यांनी एकदम आत पाहिलं.

कीथचा हात खाली आला.

तो काय करतोय हे त्याला स्वतःला कळायच्या आत आला असावा. फोनोटींनी डोळे मिटून घेतले.

"माझा विरोध तसाच ठेवा, प्रेसिडेंट," कॅरोलिन म्हणाली, आणि त्या माणसांमधून वाट काढत, वेंडीचा हात धरून, सभेनंतर भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसली.