विधीची पात्रं

दिवाळीच्या आधी विधीचं पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानच होतं, वहीच्या एका पानावर लिहिलेलं. विधी माझी नात, माझ्या मुलाची, पुनीतची मुलगी. दोन वर्षं ती साध्वीजींबरोबर राहते, त्यांच्यासोबत पायी फिरते. मोबाइल तिनं सोडला आहे. सध्या त्यांचा मुक्काम जळगावच्या जैन स्थानकात आहे आणि माघात तिथंच तिची दीक्षा आहे. पुनीतनं आणि रूपलनं, म्हणजे तिच्या आईनं, संमतीच्या कागदावर सह्या केल्या आहेत. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

"दादाजी," तिनं लिहिलं होतं, "दीक्षेच्या दिवशी मी हातात घेईन ती पात्रं तुमच्या हातची असावीत असं फार वाटतं. पण तब्येत बघून काय ते ठरवा. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा, मी दुकानातली घेईन. होय की नाही, एवढंच कळवा. आणि होय असेल तर आपल्या चौरंगासारखं डुगडुगतं काम नको. आहार सांडला तर प्रायश्चित्त मला आहे, तुम्हाला नाही."

आमचे साधू-साध्वी धातूची भांडी वापरत नाहीत. लाकडाच्या पात्रांतून गोचरी, म्हणजे भिक्षेचं अन्न, आणतात. एकात एक बसणारी तीन पात्रं, पातळ, हलकी, कारण ती हातात घेऊन मैलोनमैल चालायचं असतं. अशी पात्रं मी बरीच वर्षं करत आलो. कारागीर म्हणून नव्हे. धुळ्यात माझं शाळेच्या पुस्तकांचं दुकान होतं, आता ते पुनीत बघतो. गिऱ्हाइकाशी बोलायची मला लाज वाटायची, म्हणून गल्ल्यावर बसून वाचत राहायचो. सुतारकामही पुस्तकं वाचूनच शिकलो. त्यामुळे असेल, माझ्या हातून झालेलं काम बरोबर आहे की नुसतं पुस्तकाप्रमाणे आहे, हे मला कधीच कळलं नाही.

साठीत मी खाट केली होती. नंतर खाटेची लाकडं उचलवेनात, म्हणून चौरंग करू लागलो. रंधा ओढताना खांदा धरू लागला, तेव्हा बसायचे पाट. शेवटी एक छोटा खराद घेतला. त्यात मोटर लाकूड फिरवते, आपण फक्त हत्यार धरायचं. दर वेळी मी घरात सांगत असे, की लहान काम जास्त नाजूक असतं म्हणून मी लहान काम करतो. चंदनबाई, माझी बायको, म्हणायची, "हो ना. पुढच्या वर्षी दात कोरायच्या काड्या कराल."

गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरू लागला. कानाला मशीन लागलं. खराद सुरू केला की ते मशीन शिट्टी मारतं, म्हणून काम करताना काढून खिशात ठेवतो. पुनीत म्हणाला होता, "भाऊ, आता पुरे." मी हो म्हणालो होतो आणि तरी रोज तासभर मागच्या खोलीत जात होतो.

अशात ते पत्र आलं. 'होय' लिहायचा धीर नव्हता. 'नाही' लिहिलं असतं तर खराद तिथंच संपला असता. मग मी ठरवलं, की आधी पात्रं करावीत आणि मग ती पाठवूनच उत्तर द्यावं. आणखी एक विचार होता, तो मी कोणाला सांगितला नाही. पात्रं झाली नाहीत तोवर ती आमचीच आहे, असं काहीतरी वेडगळ. यातला कोणता विचार आधीचा आणि कोणता मागून आलेला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. कळत नाही.

शिवणीचं लाकूड आणायला भाईदासच्या वखारीत गेलो. भाईदास माझ्याच वयाचा, पण आवाज अजून गल्लीभर जातो.

"शेठ, तुमनं वय काय नि हाऊ नाद काय!" तो म्हणाला. "आते तरी सोडा. लाकूड बी तुमले पाहीसन घाबरस."

तरी त्यानं चांगला ओंडका काढून दिला. नातीच्या दीक्षेसाठी आहे म्हटल्यावर हसायचा थांबला आणि पैसे घेताना माझ्याकडे न बघता नोटा खिशात टाकल्या.

मोठं पात्र बरं झालं. मधल्यावर मी अडकलो. आतून कोरताना भिंत एका बाजूला पातळ होत चालली होती. मला ते दिसत होतं. थांबून दुसरा तुकडा घ्यायला हवा होता. पण त्या आठवड्यात मी दोन तुकडे आधीच फुकट घालवले होते.

खराद चालू असताना आत यायचं नाही, हा नियम मीच घालून दिला होता. चंदनबाईनं तो पाळला. काही सांगायचं असलं तर ती दारातूनच "अहो" म्हणायची. त्या दिवशी सूर्य मावळायला आला होता. आमच्याकडे मावळल्यावर जेवत नाहीत. ती हाक मारायला आली. किती हाका मारल्या मला माहीत नाही. रूपल नंतर म्हणाली, स्वयंपाकघरात ऐकू येत होत्या. मी उपाशी राहीन म्हणून चंदनबाई खोलीत आली आणि मला दिसावी म्हणून वळसा घालून खरादाच्या पुढे उभी राहिली.

मी वर पाहिलं. पाहिलं म्हणून हात हलला, की हात आधीच हलला होता? पटाशी कडेत अडकली आणि पात्र फुटलं. एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला. दुसरा तिला लागला.

शेजारच्या लोटनच्या रिक्षात ती डोळ्यावर टॉवेल दाबून बसली होती. टॉवेल बदलावा लागला. तेवढ्यात ती रूपलला म्हणाली, "पोळ्या झाकल्यास का?" मग मला, "जेवला नाहीत ना शेवटी?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं, की डोळा राहील, नजर राहणार नाही. उजवा डोळा. पुनीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चंदनबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोणी विचारलं तर मोतीबिंदू म्हणायचं. ऑपरेशन बिघडलं म्हणा. जळगावला तर हेच सांगायचं. ऐकलं का सगळ्यांनी?"

आम्ही तसंच सांगितलं. लोक भेटायला आले, मोसंबी घेऊन आले, आपापल्या मोतीबिंदूच्या गोष्टी सांगून गेले. चंदनबाई मान हलवत ऐकायची. ती आता चहा कपाच्या बाहेर ओतते, आणि कप का हलवला म्हणून माझ्यावर रागावते.

खरादाकडे मी गेलो नाही. पुनीतनं नीलेश वायरमनला बोलावून मोटर काढून घेतली. मी समोरच बसलो होतो. नीलेशनं विचारलं, "आबा, पट्टा ठेवू का?" मी म्हणालो, "घेऊन जा." तो गेल्यावर मला पहिल्यांदा हाताचा राग आला, आणि लगेच वाटलं, रागसुद्धा पुस्तकातून घेतलेला असेल.

पौषात रतिलालचा फोन आला. तो जळगावच्या जैन संघाचं काम बघतो, दीक्षेची तयारी त्याच्याकडे आहे.

"दलिचंदजी, पात्रांचं काय? बाकी सगळं आणून झालंय. तुमची नात दुकानातली घ्यायला तयार नाही. म्हणते, दादाजी होय की नाही कळवतील, मग बघू. दिवस थोडे राहिलेत हो."

"कळवतो," मी म्हणालो.

पुनीत तिथंच होता. फोन ठेवल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. असा तो लहानपणानंतर बसल्याचं मला आठवत नाही.

"भाऊ, लिहा तिला."

"लिहितो."

"खरं लिहा. आईच्या डोळ्याचं लिहा." तो हळू बोलत होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "आपण खोटं कुठं सांगतोय? झालं ते लिहायचं. पात्रं करता करता आजीचा डोळा गेला, हे वाचल्यावर ती पाऊल पुढे टाकणार नाही. मी ओळखतो तिला. मुंगी वाचवायला रस्ता सोडणारी मुलगी आहे."

"तू सही केलीस ना?"

"केली. रोज सकाळी उठून त्या हाताकडे बघतो."

रूपल दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला मान खाली घालावी लागली.

मी दोन दिवस ते पत्र लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं मी काही लिहिलं नसेल. सगळं खरं होतं. हाका, सूर्यास्त, रिक्षा, पोळ्या. दोष तिच्या मागण्याचा नाही, माझ्या हट्टाचा आहे, हेही लिहिलं. शेवटी एकच ओळ: थोडी थांबशील का?

मग ते चंदनबाईला वाचून दाखवलं. न दाखवता टाकता आलं असतं. पुनीत तेच म्हणत होता. पण तेवढी हिंमत माझ्यात नाही, किंवा तेवढा कोडगेपणा नाही.

ती मेथी निवडत होती. चुकून काड्या पानांत आणि पानं काड्यांत जात होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "छान लिहिलंय. पुस्तकातल्यासारखं. हे वाचून कोणीही परत येईल."

मी कागदांची घडी घातली.

"डोळा कोणाचा गेला?"

"तुझा."

"मग त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. तुमचा हात गेलाय. तुम्ही हाताचं लिहा."

"पण तिच्यापासून लपवायचं?"

"लपवत नाही. दीक्षा झाली की दर्शनाला जाईन, तेव्हा मीच सांगेन. तेव्हा ती कोणाची नात नसेल. ऐकून घेऊ शकेल." तिनं मेथीची जुडी बाजूला सरकवली. "आत्ता सांगितलं तर परत येईल. आणि मग काय? जन्मभर माझ्या डोळ्यासमोर बसून राहील. मी चहा सांडला की उठेल, पुसेल. अशी आलेली चालेल तुम्हाला?"

विचार करायला हवा होता. मी केला नाही.

"चालेल," मी म्हणालो.

तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, आणि ज्या डोळ्यानं दिसत नाही त्यातूनही आलं. मला वाटत होतं, की त्यातून येत नसेल.

"मलाही चालेल," ती म्हणाली. "म्हणूनच लिहू नका."

मी ते कागद फाडले. पुनीतला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. "तुम्हा दोघांना ती नकोच होती का?" एवढंच म्हणाला, आणि दुकानात गेला. संध्याकाळी सूर्य मावळून गेल्यावर आला, म्हणजे जेवायचा प्रश्न नव्हता. रूपलनं त्याचं वाढलेलं ताट गाईला घातलं.

दुसऱ्या दिवशी मी एक पान घेतलं. 'चि. विधी' लिहिलं. माघानंतर तिला 'चि.' लिहिता येणार नाही, हे तेव्हा सुचलं. पुढे लिहिलं: "उत्तराला फार उशीर केला. पात्रं माझ्याच्यानं होणार नाहीत. हात थरथरतो. खराद बंद केला आहे. तू दुकानातली घे, हलकी बघून घे. दादीजी आणि मी दीक्षेला येतो आहोत."

आणखी काही लिहावंसं वाटलं. तयार झालेल्या एका मोठ्या पात्राचं लिहावं, ते पाठवावं. पण एकच का, असं तिनं विचारलं असतं.

पाकीट घेऊन मी स्वतः पोस्टात गेलो. खिडकीवर एक मुलगी होती.

"आबा, साधं पाठवायचं की स्पीड?"

"साधं," मी म्हणालो. लगेच म्हणालो, जणू घरून ठरवून आलो होतो. साधं पाकीट कधी पोचेल, कोणी सांगत नाही. कदाचित वाटेत राहील. तोवर ती वाट बघेल, दुकानातली पात्रं घेणार नाही, तारीख पुढे जाईल. हे सगळं मी त्या एका शब्दात धरलं होतं, आणि ते कळायला मला तिकिटाचे पैसे काढण्याइतका वेळ लागला.

मी पैसे हातात धरून उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "ओ बाबा, झालं असंल तर सरका ना."

"बाई," मी त्या मुलीला म्हणालो, "स्पीड करा."

"मग साधं का म्हणालात?"

"चुकलं."

तिनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचून घेतला, वर एक पट्टी चिकटवली. "जळगावच ना? परवापर्यंत मिळेल." पावती माझ्यापुढे सरकवली, पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि माझ्या मागच्या माणसापुढे हात केला.