तिसरा कौल

जयवंताबाईने तांब्यातले पाणी सोनूच्या डोक्यावर ओतले आणि पोर तिसऱ्यांदा कलंडली. खाली पडायच्या आत आईने दंड धरला.

"उभी ऱ्हाय गं माय. आत्ताच तर बराबर उभी व्हतीस."

"शिकेकाई गेली डोळ्यात," सोनू म्हणाली.

सोनू सहा वर्षांची. चालताना तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. तालुक्याच्या हकिमाने तेल दिले होते. तेल संपले, पाय तसेच राहिले. पण नुसते उभे केले, तर समोर कुठेतरी नजर लावून ती उभी राही, वाऱ्यातल्या ज्वारीच्या ताटासारखी जराजरा हलत.

जयवंताबाईने पदराने तिचे डोळे पुसले. सोनूने आईच्या तोंडाकडे पाहिले आणि तिचे हलणे थांबले. आईने दंड सोडला. मग तिच्या डोळ्यांसमोर, कुठेही न टेकवता, तळहात आडवा धरला. पोर लगेच डावीकडे कलली. हात काढला, सावरली.

"काय खेळ लावलाय?" चुलीपाशी बसलेली सासू, वच्छलाबाई, ओरडली. "भगत वाट बघून राह्यला. जल्दी उरका."

"आत्याबाई, हिचे डोळे मिटले की तोल जातो."

"मंग देवापुढं उघडे ठेवणार का? राणीच हाय की तुझी लेक!"

जयवंताबाईने सोनूचे ओले केस पुसायला घेतले.

उद्या मेंढरे घेऊन सगळे गोदाकाठाने निघणार होते. निघण्याआधी बिरोबाला कौल लावायची रीत होती. भगताची ओवी संपेपर्यंत पोर बिनआधाराची उभी राहिली, तर कळपाबरोबर जाणार. पडली, तर आठ महिने भगताच्या घरचा तुकडा खात देवळाच्या पायरीवर बसणार. मागची दोन्ही वर्षे सोनू पडली होती, आणि दोन्ही वर्षे जयवंताबाईने भांडून तिला पाठीशी बांधून नेले होते. तिसऱ्यांदा देव ऐकून घेणार नाही, असे सगळ्यांचे मत होते.

ओवी चालू असताना देवळात कुणी डोळे उघडायचे नाहीत, हीही रीतच.

देवळात पोचल्यावर बाप धुळाजीने सोनूला खांद्यावरून उतरवून देवासमोर मधोमध उभे केले. जयवंताबाई तिचा परकर नीट करायला वाकली.

"माझ्या तोंडाकडं बघ," ती कानात म्हणाली. "बिलकुल मिटू नको."

"देव रागावल ना?"

"रागावला तर माझ्यावर रागावल."

ती देवाच्या बाजूला भिंतीशी जाऊन बसली. कडूबा भगताने ढोलावर थाप मारली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

ओवी लांब होती. तिच्यात देव रानात वाढत होता, एकेका कडव्याला वीतभर. सोनूचे गुडघे थरथरत होते. तिची नजर आईच्या नजरेला धरून होती. पापणी हलवायचीही जयवंताबाईला भीती वाटत होती.

मग पोरीच्या शेजारी, नजरेच्या कडेला, तिला धुळाजी दिसला. हात जोडलेले, आणि डोळे उघडे. तो सोनूच्या उघड्या डोळ्यांकडे पाहत होता. मग त्याने बायकोकडे पाहिले. पण जयवंताबाईने नजर पोरीवरून काढली नाही.

ढोल थांबला. सोनू उभीच होती.

"न्हाई पडली," कडूबा म्हणाला.

वच्छलाबाईने सुनेकडे रोखून पाहिले. "सकाळी ही डोळ्याचं काहीतरी बोलून राह्यल्ती. पोरीनं मिटले व्हते का डोळे? धुळा, तू तर शेजारीच व्हतास."

धुळाजीने पागोटे सारखे केले.

"माझे मिटलेले व्हते, आई. तुझे?"

कडूबाने चिमूटभर भंडारा सोनूच्या कपाळाला लावला.

धुळाजी पोरीला उचलायला वाकला आणि वाकता वाकता थांबला. दोन पावले मागे सरून तो उकिडवा बसला, आपले तोंड तिच्या तोंडासमोर येईल असा.

"ये," तो म्हणाला.