बनाबाईचा दहावा

बनाबाईच्या दहाव्याला सारोळ्याच्या घाटावर सगळा गोतावळा जमला आणि कावळा मात्र एकही आला नाही.

नीरेच्या काठी पिंड मांडून बराच वेळ झाला होता. पुढ्यात केळीच्या पानावर बाईच्या आवडीचं सगळं होतं. वडे, करंज्या, शेवग्याची आमटी, आणि कडेला मिश्रीची डबी. डबी तिच्या धाकट्या बहिणीनं, विंझरच्या मंगलनं ठेवली होती. "अक्का वड्यावाचून राहील, मिश्रीवाचून न्हाई," ती म्हणाली.

बनाबाईचा नवरा मानसिंग पिंडासमोर उकिडवा बसला होता. क्रिया त्यानंच धरली होती. डोकं नुकतंच भादरलेलं, त्यावर ऊन लागत होतं.

"बाईच्या मनात काहीतरी राहिलंय," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढं आणखी एक दहावा उरकायचा होता. "बोला, कुणाला काय वचन द्यायचं ते."

मुलगा अमृत पुण्याला नोकरीला होता. तो हात जोडून पुढं झाला. "आई, आबांना एकटं ठिवणार न्हाई. आमच्याकडं पुण्याला घिऊन जातो."

मानसिंग दचकला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरचं ते घर, आणि त्यात चपला कुठं काढायच्या याचे नियम! त्यानं घाबरून आभाळाकडं पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

"बघितलंस?" तो खुशीत म्हणाला. "तिला पसंत न्हाई."

मंगल पुढं सरसावली. "अक्का, दाजींची बिडी आजपासनं बंद. माझ्याकडं लागलं."

सगळे वर बघत राहिले. पुलावरनं एक टेम्पो गेला. बाकी काही नाही.

"ओढा म्हणतीया," मानसिंग म्हणाला.

"दाजी, लाज वाटू द्या जरा! गेलेल्या बायकूच्या नावानं खोटं बोलताय?"

"म्या कुठं बोलतोय? तीच काय बोलंना."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्याचं नाटक केलं. मानसिंगच्या चुलतभावानं, सोमनाथनं संधी साधली. "वैनी, बांधावरच्या आंब्याचं भांडण मिटलं म्हणून समजा. आंबा माझा, पण पाटीभर आंबे दरसाल मानसिंगाला."

"तर तर! ह्याला तर ती जिती असती तर वहाण काढली असती," मानसिंग म्हणाला. आणि खरंच, एक चिमणीसुद्धा फिरकली नाही.

कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाही. तिकडं गावात, शिवऱ्याला, घरी भाताचं पातेलं निवत चाललं होतं आणि घाटावर पोटं बोलायला लागली होती. गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. कावळा नाहीच आला तर दर्भाचा करून शिववायचा, तशी सोय असते.

"नको," मानसिंग म्हणाला. "तिला नकली चालत न्हवतं. एकदा खोट्या मोत्याची नथ आणली, तर म्हशीच्या कानात घाल म्हणाली."

खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. कावळा शिवला की ती गेली. नाही शिवला तर ती अजून इथंच कुठंतरी रुसून बसलेली आहे. तिचं रुसणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. रुसलेली तर रुसलेली, पण असू दे.

तेवढ्यात वरच्या चिंचेकडून एक माणूस खाली आला. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा, तोंडावर पट्टी, डोळ्यावर चष्मा, हातात पोतं. मंगल किंचाळली, "अगं बया, आता ह्यो कोण?"

"मी हाय मावशी, लतीफ." त्यानं हात लांबूनच हलवला. लतीफ भोरचा, जनावरांच्या दवाखान्यातला. कोंबड्यांना लस टोचायला गावोगाव फिरायचा, त्यामुळं सगळ्यांच्या ओळखीचा. "तुमी हितं कसं काय? चिंचंखाली कावळं मरून पडत्यात. बर्ड फ्लू निघालाय. घाटावर पाखरांना काय घालू नका म्हणून ग्रुपवर टाकलं व्हतं."

"आमच्या ग्रुपवर नुसती फुलं येत्यात, सकाळची," अमृत म्हणाला.

"मंग राहिलेलं कावळं गेलं कुठं?" गुरुजींनी विचारलं.

"पुलापल्याड. आपलं कुणी मेलं की तिथं कावळा खायला उतरत न्हाई."

"म्हंजी आमच्यापरास शहाणं," मानसिंग म्हणाला. "आमच्यातलं कुणी मेलं की आमी खायालाच जमतो."

लतीफ हसू दाबत पाण्याच्या कडेला गेला. तिथं गवतात एक मेलेला कावळा होता. त्यानं तो हातमोज्यानं पंखाला धरून उचलला मात्र, आणि पुलाकडून कालवा उठला. तारेवरचे, खांबावरचे कावळे एकदम उडाले आणि घाटावर आले. आभाळ काळं झालं.

"आलं! आलं!" अख्खा घाट उभा राहिला. गुरुजींनी घाईनं मंत्र धरला.

कावळ्यांनी वड्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते लतीफवर तुटून पडले. मेलेला कावळा त्याच्या हातात, म्हणजे मारणारा हाच, असा त्यांचा हिशेब. लतीफ पोतं सावरत गोल गोल पळू लागला. एका कावळ्यानं येऊन त्याच्या टाळक्यात असा टोला हाणला की चष्मा गळ्यात आला.

"शिवला! शिवला!" सोमनाथ ओरडला.

"पिंडाला शिवावा लागतो," गुरुजी ओरडले, "सरकारी माणसाला नाही!"

मानसिंगला हसू आवरेना. दहा दिवसांत पहिल्यांदाच तो पोट धरून हसला. लतीफ लस घेऊन आला की बनाबाई अशीच त्याच्यामागं खराटा घेऊन धावायची.

अमृतला मात्र युक्ती सुचली. "लतीफभाई, त्यो मेलेला कावळा पिंडाशेजारी ठिवा! म्हंजी हे खाली उतरतील."

"व्हय रं बाबा, ठिव," मंगल म्हणाली. "येक तरी शिवंल. भुकंनं जीव चाललाय."

लतीफनं कावळा घाईघाईनं पोत्यात कोंबला आणि तोंड बांधलं. "नका मावशी. हितं रोग पडलाय. हे खाली उतरलं, चोच घातली, तर उरल्यालं बी जातील. मंग गावातल्या कोंबड्या." मग तो मानसिंगकडं वळला. "आबा, तुमीच सांगा ह्यांना."

सगळे मानसिंगकडं बघायला लागले.

पायरीच्या टोकाला एक कावळा एकटाच खाली उतरला होता. त्याला कुणावर धावून जायचं नव्हतं. पिसं फुगवून, मान खाली घालून तो बसला होता, बसल्या जागी झुलत होता. पिंड त्याच्यापासून चार हातांवर. शेवटी शेवटी बनाबाई भिंतीला टेकून अशीच बसायची. दम लागायचा आणि कुणी बघितलं की ताठ व्हायची.

कावळ्यानं मान उचलून पानाकडं पाहिलं.

"आबा, बोलू नका, येतोय," अमृत कुजबुजला.

मानसिंग उठला. त्यानं पंचा झटकला, "हाऽऽ" केलं. कावळा कसाबसा उडाला आणि पाण्यापलीकडं झुडपात गेला.

"आबा!"

"आजारी हाय ती," मानसिंग म्हणाला. कावळ्याला 'ती' म्हटल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही. बाकीच्यांच्या आलं. "लतीफ, ह्ये वडं-बिडं उचल. चुना टाकून पूर. मिश्री बी ने. गुरुजी, द्या तुमचा दर्भ."

लतीफनं पान उचललं. गुरुजींनी दर्भाला गाठ मारून चोच केली आणि मानसिंगच्या बोटांत दिली. "टेकवा पिंडाला."

मानसिंगनं हात पुढं केला. दर्भ पिंडाच्या जरा वर थांबला. थांबला तो थांबलाच.

"टेकवा, आबा," अमृत म्हणाला.

"टेकवतो की. लुगडं नेसाया तिला येळ लागायचा."

मंगलनं पदर तोंडाला लावला. "लई येळ लावायची," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. मग सोमनाथ बसला, अमृत बसला. गुरुजींनी घड्याळ बाहीत सरकवलं.

बऱ्याच वेळानं मानसिंगनं दर्भ टेकवला.