एक कंस चौकोनी, एक गोल

मी संख्यारेषा बोलते आहे. मात्र या पहिल्याच वाक्याला एक दुरुस्ती जोडणे मला भाग आहे. ज्यांच्या सहवासात माझे आयुष्य गेले, त्यांनी मला जपून बोलायची सवय लावली आहे. खरी संख्यारेषा कोणी पाहिलेली नाही. तिला रुंदी नाही, टोक नाही आणि तिच्यात कुठेही तीळभरसुद्धा फट नाही. मी इरोको लाकडाची एक फळी आहे. मला दोन टोके आहेत आणि डाव्या अंगाला गाठ निखळून पडलेले एक भोकही आहे. तेव्हा मी तिच्या वतीने बोलते आहे, एवढेच समजावे.

माझा जन्म याउंदे या राजधानीच्या शहराच्या कडेला, न्योबे नावाच्या म्हाताऱ्या सुताराच्या हातून झाला. मला घडवून घेतले ते त्साला सरांनी. ते विद्यापीठात गणित शिकवत. लांबी किती ठेवायची असे न्योबेने विचारले, तेव्हा सर प्रामाणिकपणे म्हणाले, "तशी ती संपतच नाही."

न्योबेने पेन्सिल कानामागे खोचली. "मास्तर, न संपणारी फळी वर्गाच्या दारातून आत कशी न्यायची, तेवढं आधी सांगा."

शेवटी मला दाराच्या बेताने कापले. पण न्योबेला सरांचे बोलणे पटले असावे. त्याने माझ्या दोन्ही टोकांना लाकडी बाण ठोकले आणि म्हणाला, "आता बघणाऱ्याला कळेल, माल अजून शिल्लक आहे."

माझ्या अंगावर मधोमध एक लांब खोबण आहे. तिच्यात एक पितळी खुंटी सरकते; तो बिंदू. शिवाय दोन चौकोनी कंस होते, स्क्रूवर फिरणारे. कंसाचे तोंड आत वळवले की टोकाचा बिंदू संचात आला. असा अंतराल संवृत, म्हणजे बंद. तोच कंस पाठमोरा केला की टोकाचा बिंदू बाहेर राहिला. मग अंतराल विवृत, म्हणजे उघडा. त्या देशात फ्रेंचमधून शिकलेले लोक असेच लिहितात: ]०, १[. एक कंस आत आणि दुसरा बाहेर वळवून सर मुलांना विचारत, हा उघडा की बंद. मुले हमखास दोन तट पाडून भांडत. सर त्यांना भांडू देत आणि मग सांगत, हा ना उघडा, ना बंद. उघडा नाही म्हणून बंदच असला पाहिजे, हा हट्ट माणसांचा आहे, संचांचा नव्हे.

माणसांच्या सवयी मी भिंतीवरून पुष्कळ पाहिल्या. फ्रेंचमधून शिकलेली मुले वर्गात उजवीकडे बसत, इंग्रजीतून शिकलेली डावीकडे. तसा नियम कोणी केलेला नव्हता. मध्ये एक वाट होती आणि ती रुंद नव्हती, तरी ती ओलांडून कोणी बसत नसे. संख्यारेषेवर फट नसते. त्या वर्गात होती.

बिह अंबे त्या वाटेच्या डाव्या बाजूला, भिंतीकडेच्या बाकावर बसे. ती बामेंदाकडची. त्या वर्षी भाषेच्या तंट्यात तिकडच्या इंग्रजी शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली होती, म्हणून ती राजधानीत आली आणि इंग्रजीचे शिक्षण मागे ठेवून फ्रेंचमध्ये गणित शिकू लागली. वर्ष पार पडले तर वसतिगृहातली खोली तिची राहणार होती. नापास झाली तर खोली सोडून जिथे कुलपे आहेत तिथे परत जायचे, आणि मग पुढे काही नाही. ही गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नाही. पण वर्गात ती सगळ्यांना माहीत होती.

पहिल्या आठवड्यात सरांनी तिला फळ्यापाशी बोलावले आणि शून्य ते एक हा विवृत अंतराल लिहायला सांगितला. तिने लिहिले: (०, १). तिच्याकडे तसेच लिहीत. पण उजवीकडच्या मुलांना लहानपणापासून शिकवलेले होते, की गोल कंसातल्या दोन संख्या म्हणजे एक जोडी. आलेखावरचा एक बिंदू.

न्गोनो नावाची मुलगी मागून म्हणाली, "अगं बामेंदा, ती रेषा आहे की नकाशावरचं गाव? तिथं टॅक्सी जाते का?"

उजवी बाजू हसली. तिकडच्या माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारली की ती शिवी होते, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बिहने खडू ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "जाते. पण चालक उजवीकडचा असला की रस्ता चुकतो."

या वेळी डावी बाजू हसली. सर हसले नाहीत. दोन्ही पद्धती बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले, आणि शनिवारी ते न्योबेकडे गोल कंसांची जोडी करून घ्यायला गेले. आधीचे दोन कोणाला चावले का, असे न्योबेने विचारल्याचे सरांनीच वर्गात सांगितले. त्यानंतर एके दिवशी चौकोनी तर दुसऱ्या दिवशी गोल, अशा दोन्ही जोड्या माझ्या अंगावर आलटून पालटून चढू लागल्या. न्गोनोला सांतत्याची व्याख्या काही केल्या उमगत नव्हती. एका दुपारी पानात बांधलेले बोबोलो घेऊन ती वाट ओलांडून आली आणि बिहच्या शेजारी बसली. बोबोलो कसाव्याच्या कंदाचे असते आणि ते दोघींत मोडून खाता येते. बिहने तिला समजावले, "तू आधी सांग, उत्तरात किती चूक चालेल. मग मी सांगते, बिंदूच्या किती जवळ राहायचं. तू कितीही कंजूष हो, मला उत्तर देता आलं पाहिजे. देता आलं, तर फलन त्या बिंदूपाशी संतत." न्गोनो म्हणाली, की हे तर बाजारातल्या घासाघिशीसारखे आहे. बिहने मान्य केले, फक्त इथे विकणाऱ्याला कधीच उठून जाता येत नाही.

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका त्साला सरांकडे नव्हत्या. त्या गणिताच्याच दुसऱ्या एका प्राध्यापकांनी, एव्हुना सरांनी तपासल्या. ते कडक म्हणून प्रसिद्ध होते, पण मी त्यांना कोणावर जाणूनबुजून अन्याय करताना पाहिलेले नाही. इथेही केला, असे मी म्हणणार नाही. प्रश्न असा होता: विवृत अंतरालावर संतत असलेले फलन परिबद्ध असलेच पाहिजे का, म्हणजे त्याच्या किमतींना कुठेतरी कुंपण पडलेच पाहिजे का? बिहने लिहिले होते: नाही. (०, १) वर १/x घ्या.

उत्तर अगदी बरोबर होते. x शून्याच्या जवळ जाऊ लागला की १/x सगळी कुंपणे ओलांडतो. पण एव्हुना सरांनी गोल कंस पाहिला आणि जोडी वाचली. जोडीत शून्य होते. त्यांनी लाल शाईने शेरा मारला: 'शून्याने भागाकार.' गुण शून्य. तेवढ्यावर बिह नापास झाली.

त्साला सरांनी हरकत घेतली, तेव्हा तिची तोंडी परीक्षा घ्यायचे ठरले. ती माझ्याच खोलीत झाली, म्हणून पुढचे मी ऐकीव सांगत नाही. टेबलाशी दोघेही सर होते. मध्ये बोलायचे नाही, अशी त्साला सरांना अट होती. न्गोनो दाराबाहेर उभी होती. त्या दिवशी माझ्यावर दोन्ही जोड्या होत्या. चौकोनी खोबणीत आणि गोल खाली खिळ्याला.

एव्हुना सरांनी विचारले, "तुझ्या या अंतरालात शून्य आहे?"

"नाही, सर."

"मग हा तुझा कंस त्याला कवेत घेतल्यासारखा का दिसतो?"

बिहने गोल कंस काढून हातात घेतला. "दारात येऊन गळ्यात पडला, म्हणून कोणी घरातला होत नाही, सर. तुमचा कंस त्याच्याकडे पाठ फिरवतो, आमचा गोडीत बोलतो. शून्य दोन्हीकडे बाहेरच राहतं."

त्साला सरांनी खिडकीकडे पाहिले. त्यांना हसू आले होते की नाही, हे मला निश्चित सांगता येणार नाही.

मग तिने खुंटी धरली आणि ती हळूहळू शून्याकडे सरकवू लागली. शून्याच्या कितीही जवळ जा, तिथे संचातला कोणी ना कोणी असतोच, असे ती म्हणाली. शून्याचा संचाशी असलेला शेजार कधी तुटत नाही. त्याच्या भोवती कितीही लहान परिसर आखा, त्यात संचाची माणसे सापडतात. म्हणून त्याला संचाचा सीमाबिंदू म्हणतात. तरी तो संचात नाही. हे बोलताना तिचा आवाज जरा उतरला.

"आता बंद करून दाखव," एव्हुना सर म्हणाले. त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

तिने चौकोनी कंस आत वळवले. शून्य आणि एक, दोन्ही आत आली. आता फलन या सगळ्या अंतरालावर संतत असेल तर त्याला कुंपण पडतेच, आणि ते तिने सिद्ध करायला घेतले. समजा, पडत नाही. मग अंतरालाचे दोन भाग करा. निदान एका भागात तरी कुंपण नसणार. त्याचे पुन्हा दोन भाग करा. प्रत्येक वेळी ती दोन्ही कंस जवळ आणत गेली आणि शेवटी ते एकमेकांना टेकले. लाकूड लाकडाला भिडले. त्यापुढे मला जाता येईना.

"लाकूड इथं थांबतं, सर," ती म्हणाली. "पुढचं मनानं."

पुढचे तिने मनाने केले. अंतराल लहान होत जातात, आणि त्या सगळ्यांत असलेला एक बिंदू उरतो. रेषेवर फट नाही, म्हणून तो उरतोच. अंतराल संवृत आहेत, म्हणून तो बिंदू बाहेर निसटत नाही. फलन तिथे संतत आहे, म्हणून त्याच्या जवळपास त्याच्या किमती आवाक्यात राहतात. पण जवळपासच्या त्या लहानशा अंतरालात तर कुंपण नव्हते. हा विरोध. आणि अंतराल विवृत असता, तर उरलेला बिंदू नेमका शून्य निघू शकला असता, जिथे फलनाचा पत्ताच नाही. तिथेच तिचा १/x सुटून जातो.



"उत्तर बरोबर आहे," एव्हुना सर म्हणाले. त्यांनी उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली. "तेवढा कंस आपल्या पद्धतीनं लिहून दे. मी पूर्ण गुण देतो."

बिहने पेन घेतले नाही. दाराबाहेर न्गोनोची चप्पल घासल्याचा आवाज आला.

"एका कंसासाठी वर्ष घालवशील?" त्यांनी विचारले. ते रागाने बोलत नव्हते; त्यांना खरेच कळत नव्हते.

"कंसाचं काही नाही, सर. तुम्ही सांगाल तसा उद्यापासून काढते. पण इथं लिहिलंय, मी शून्यानं भागलं. मी भागलं नव्हतं. आज कंस बदलला, तर तुमचा शेरा खरा ठरेल."

एव्हुना सरांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. आपण मारलेला लाल शेरा त्यांनी एकदा वाचला, मग त्याच्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि गुण लिहिले. उठून जाताना ते माझ्यापाशी थांबले. खिळ्यावरचा गोल कंस त्यांनी माझ्या खोबणीत बसवला आणि फिरवून पाहिला.

"हा वळत नाही?"

"नाही, सर," बिह म्हणाली. "त्याला वळावं लागत नाही."

पुढच्या वर्षीपासून प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर एक बारीक ओळ छापून येऊ लागली: दोन्ही प्रकारचे कंस ग्राह्य. वर्गातली वाट मात्र तशीच राहिली. न्गोनो तेवढी डावीकडे बसे.

काही वर्षांनी त्साला सर निवृत्त झाले. त्याच सुमारास बिहच्या गावाजवळची एक शाळा पुन्हा उघडल्याचा निरोप आला आणि ती शिकवायला तिकडे निघाली. जाताना तिने मला मागितले. पण माझ्या पाठीवर विद्यापीठाचा शिक्का आहे. मला हलवता येत नव्हते. कंसांवर शिक्का नव्हता. सरांनी स्क्रू काढायचे हत्यार आणले आणि विचार करून प्रत्येक जोडीतला एकेक कंस तिच्या हातात ठेवला. दोघांनीही ते समजावून सांगितले नाही. मीही सांगणार नाही.

आता मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. वर्गात पडद्यावर उजेडाची रेषा पडते. तिला भोक नाही, गाठ नाही, ती माझ्याहून खऱ्या रेषेच्या जवळ असेल. माझी तक्रार नाही. माझ्या डाव्या बाजूला शून्यापाशी पाठमोरा चौकोनी कंस उरला आहे आणि उजवीकडे एकापाशी गोल: ]०, १). खुर्च्या न्यायला आलेली मुले मला पाहतात आणि थबकतात. फ्रेंचमधून शिकलेली म्हणतात, उजवे टोक चुकले. इंग्रजीतून शिकलेली म्हणतात, डावे चुकले. प्रत्येकाला चूक दुसऱ्याच्या टोकाला दिसते.

माझे मागणे एवढेच आहे. मला सरळ करायला म्हणून कोणी एखादा कंस बदलू नका. दोन्ही टोके बरोबर आहेत; शून्य आणि एक, दोन्ही बाहेर आहेत. बामेंदाच्या वाटेवर कुठल्याशा वर्गात बिहच्या फळीवर याच्या उलट लिहिलेले असेल: (०, १[. तोही हाच अंतराल आहे. त्यात नसलेले दोन बिंदू तिथेही त्याला तितकेच जवळ आहेत.

माझे टोक आले. त्यापुढे मात्र न्योबेने ठोकलेला बाण आहे.